तबकडीचा कैवार

हल्लीं सुशिक्षित घरांतून एक मत मोठ्या ऐटीनें ऐकूं येतें : विनाइलच्या तबकडीवरील गाणें जिवंत आणि सीडीवरील निर्जीव. परवां डोंबिवलीच्या एका स्नेह्यांनीं तें आम्हांस इतक्या आवेशानें ऐकविलें कीं, त्याचा समाचार घेणें आम्हांस कर्तव्यच वाटलें.

मुख्य आक्षेप असा कीं, सीडींत ध्वनीच्या सेकंदाला ४४,१०० तुटक नोंदी होतात. तेव्हां मधला नाद गळलाच पाहिजे. हें गणिताचें अज्ञान होय. नायक्विस्ट व शॅनन यांच्या सिद्धान्तानुसार, सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा, म्हणजे मनुष्याच्या कानास ऐकूं येणारा, सारा नाद या नोंदींवरून पुन्हां उभा करतां येतो. उलट तबकडीची सुई मध्याकडे सरकली कीं तिच्या वाट्याचा वळसा आंखूड होतो आणि तार स्वर फाटूं लागतो. शिवाय वीस-पंचवीस मिनिटांत बाजू पालटावी लागते, ती वेगळीच. ज्या कल्याणांत १९२६ पासून गायन समाज नांदतो आहे, त्या परिसरांतील श्रोत्यांनीं तरी मोजमाप मैफलीचें लावावें, जुन्या यंत्राचें नव्हे.

कानाची ग्वाही देणाऱ्यांनीं २०२२ सालची अमेरिकेंतील हकीकत आठवावी. मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या तबकड्या निव्वळ मूळ फितीवरून उतरविलेल्या आहेत, असा रसिकांचा समज होता. २०११ पासूनच्या अनेक तबकड्यांच्या घडणींत डिजिटल पायरी होती, असें उघडकीस आलें. इतकीं वर्षें त्यांचा गोडवा वाखाणणाऱ्यांस ती ऐकूं आली नव्हती!

मग तक्रारींत कांहींच तथ्य नाहीं काय? आहे. जुनें गाणें सीडीवर आणतांना खरखर पुसण्याच्या भरांत कित्येकदां तंबोऱ्याचा झंकारही पुसला जातो. आवाज चढविण्याच्या हव्यासानें लहान-मोठा स्वर एकसारखा सपाट होतो. पण हा दोष पात्राचा नव्हे, वाढणाऱ्याचा आहे.

१९३७ सालीं निवर्तलेल्या अब्दुल करीमखांसाहेबांचें गाणें आपणांस मुख्यतः तीन-तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्यांनींच राखून दिलें. आमच्या स्नेह्यांनीं हजारों रुपये मोजून नवी विनाइल आणली. आजोबांच्या लाखेच्या तबकड्या मात्र, माळा झाडतांना, रद्दीवाल्यास देऊन टाकल्या! त्यांतील किती गाणीं पुन्हां कधींच छापलीं गेलीं नसतील, याचा विचारही त्यांच्या मनास शिवला नाहीं. लाख ठिसूळ असते. ज्यांच्या घरीं अशा तबकड्या उरल्या असतील, त्यांनीं रुंद टोंकाच्या सुईनें, खरखरीस हात न लावतां, त्या उतरवून घ्याव्यात आणि मूळ तबकड्याही जपाव्यात. कैवार घ्यावयाचाच, तर तो तेथें घ्यावा.