लाटेपेक्षा अंतर घातक

नामिबियातल्या वॉल्विस बे शहराजवळ वाळूची एक लांब जीभ अटलांटिक समुद्रात शिरली आहे. तिच्या कडेने फुटणारी लाट २००८मध्ये उपग्रह छायाचित्रांवरून हेरली गेली आणि ‘स्केलेटन बे’ हे नाव जगभरच्या सर्फरांच्या तोंडी झालं. लाट मनासारखी आली, तर एका फेरीत किलोमीटरहून जास्त अंतर कापता येतं. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला थंड बेंग्वेला प्रवाहाचं पाणी. अशा किनाऱ्यांच्या वर्णनात एक सूचना हमखास असते : ‘फक्त अनुभवी सर्फरांसाठी’. ही सूचना चुकीची नाही, पण अपुरी आहे.

इथला धोका केवळ लाटेच्या उंचीत नाही. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. तळाची वाळू एकदम चढत असेल, तर ती याहूनही उथळ पाण्यात, काठाला खेटून कोसळते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचं वजन एक टनाहून अधिक. डोकं खाली करून पडणाऱ्याच्या मानेला खालची वाळू सिमेंटसारखी लागते. शिवाय किनाऱ्याला समांतर वाहणारा जोरदार प्रवाह माणसाला साथीदारांपासून दूर नेतो.

अनुभवाने पडण्याची शक्यता कमी होते, पडल्यावरचं शरीरशास्त्र बदलत नाही. श्वास घ्यायची तळमळ मुख्यतः रक्तातल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. पाण्याखाली जास्त टिकता यावं म्हणून काही जण आधी भराभर श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, उलट धोक्याची घंटा उशिरा वाजते आणि शुद्ध आधी हरपते. मुरलेल्या खेळाडूलाही यातून सूट नाही.

बुडताना बहुधा श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. मधली काही मिनिटं हीच खरी संधी. ऑक्टोबर २०१३मध्ये पोर्तुगालच्या नाझारे इथे ब्राझीलची माया गबेरा प्रचंड लाटेत पडून बेशुद्ध झाली. सहकारी कार्लोस बुर्लेने तिला किनाऱ्यावर आणलं, तिथेच वाळूवर तिला सीपीआर मिळाला आणि ती वाचली. २०२०मध्ये त्याच किनाऱ्यावर २२.४ मीटर उंच लाटेवर स्वार होऊन तिने महिलांचा विश्वविक्रम केला. जानेवारी २०२३मध्ये मार्सियो फ्रेरे हा कसलेला सर्फर मात्र तिथेच, प्रयत्न करूनही वाचला नाही. जेट-स्की आणि बचावपथक हाताशी असतानाही खात्री नसते. मग जिथे रुग्णवाहिका पोहोचायलाच बराच वेळ लागेल, तिथे काय?

‘ज्याचा जीव त्याची जबाबदारी’ हा युक्तिवाद इथे नेहमी केला जातो. तो अर्धाच खरा आहे. लाटेवर माणूस एकटा जातो, पण त्याला काढायला दुसऱ्याला पाण्यात उतरावं लागतं. म्हणून दुर्गम किनाऱ्यावर जाताना ‘तुला किती जमतं?’ यापेक्षा ‘तुझ्या सोबत्याला काय जमतं?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. एकाची नजर सतत पाण्यावर असावी, सगळ्यांनी सीपीआर शिकलेला असावा, जवळचं रुग्णालय आणि तिथवरचा रस्ता ठाऊक असावा. हे नसेल तर परत फिरणं हेच अनुभवी माणसाचं लक्षण.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर असा खेळ नसेल, पण बुडणाऱ्याच्या मेंदूला मिळणारी मिनिटं तेवढीच असतात. आपल्याकडे मात्र ती अजूनही पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढण्यात जातात. त्याने उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची : ३० दाब, २ श्वास. फक्त छाती दाबणं इथे पुरेसं नाही, कारण शरीरात प्राणवायूचाच तुटवडा असतो.

सहलीला निघताना आपण खाण्यापिण्याची यादी करतो. गटातल्या निदान दोघांना सीपीआर येतो का, ही ओळही त्या यादीत असावी.