म्होरक्या शोधण्याची खोड

मधमाश्यांच्या पोळ्यातील सर्वांत मोठ्या माशीला आपण राणी म्हणतो. ॲरिस्टॉटलने तिला राजा मानले होते! १७ व्या शतकात स्वामरडॅमने तिच्या पोटातील अंडाशय दाखवले, तेव्हा राजाची राणी झाली. सिंहासन मात्र तसेच राहिले. वास्तविक ही राणी कोणाला कामे वाटून देत नाही. अंडी घालणे हेच तिचे मुख्य काम. मग हे राज्य आले कोठून? माश्यांकडून की आपल्याकडून?

अशा प्रकारचे प्रश्न विज्ञानाला विचारणाऱ्या विदुषी म्हणजे एव्हलिन फॉक्स केलर (१९३६–२०२३). जन्म न्यूयॉर्कचा, १९६३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची भौतिकीतील डॉक्टरेट. भौतिकी हे बाईमाणसाचे काम नव्हे, हे तेथे त्यांना पदोपदी जाणवून देण्यात आले. ते अनुभव त्यांनी १९७७ मध्ये लिहून काढले.

पण मला त्यांचे अधिक महत्त्वाचे वाटते ते काम एका क्षुद्र जीवावरचे आहे. डिक्टिओस्टेलियम नावाचे अमीबासारखे जीव मातीत राहतात आणि जीवाणू खातात. अन्न आहे तोवर प्रत्येकाचा संसार वेगळा. अन्न संपले, की हजारो पेशी एका ठिकाणी गोळा होतात आणि त्यांचा मिळून एक देठ व त्यावर बीजाणूंची गाठ तयार होते. त्यांना बोलावते कोण? पेशी एक रसायन सोडतात आणि ते जिकडे दाट, तिकडे सरकतात. काही खास पेशी आधीपासून म्होरक्या असतात, त्याच पहिली हाक देतात, असे तेव्हा मानले जाई. केलर आणि ली सीगेल यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवले, की म्होरक्या नसला तरी चालेल. योगायोगाने कोठे चार पेशी जवळ आल्या, की तेथे रसायन वाढते. त्यामुळे आणखी पेशी ओढल्या जातात. रसायन आणखी वाढते. रस्त्यात दोघे वर पाहत उभे राहिले, की बघता बघता घोळका जमतो ना, तसेच!

तरीही म्होरक्याच्या कल्पनेचा पगडा बरीच वर्षे टिकला. का टिकला, याची चिकित्सा केलर यांनी १९८३ मध्ये केली. एकाने हुकूम द्यायचा, बाकीच्यांनी ऐकायचे, हे चित्र आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते, की निसर्गातही तेच चटकन पटते. १९८५ च्या पुस्तकात त्या आणखी पुढे गेल्या. निसर्ग म्हणजे स्त्री आणि शास्त्रज्ञ म्हणजे तिला जिंकणारा पुरुष, ही भाषा विज्ञानात कशी रुजली, हे त्यांनी दाखवले. स्त्रियांचे विज्ञान निराळे असते, असे मात्र त्यांचे म्हणणे नव्हते. मक्याचे एकेक रोप ओळखणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांचे चरित्र त्यांनी लिहिले. ते १९८३ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी मॅक्लिंटॉक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या चरित्रातही हेच दिसते. जिव्हाळ्याने निरीक्षण करणे ही काही बायकांची मक्तेदारी नाही.

यावर कोणी म्हणेल, मग विज्ञान म्हणजे ज्याचे त्याचे मत! मला हे पटत नाही. पेशी रसायनाकडे सरकतात की नाही, हे प्रयोगच ठरवतो. तो करणारा पुरुष असो वा स्त्री. पण कोणता प्रयोग करावा, हे आधी सुचावे लागते, आणि म्होरक्या असणारच असे धरून चाललेल्याला म्होरक्या नसण्याचा प्रयोग सुचणे कठीण.

तुमच्या पुस्तकात ‘केंद्रक पेशीवर नियंत्रण ठेवते’ असे वाक्य असेल. परीक्षेत तसेच लिहा. पण डीएनए नुसता परीक्षानळीतल्या पाण्यात ठेवला, तर तो काहीच करीत नाही. त्याचा कोणता भाग केव्हा वाचला जावा, हे पेशीतील प्रथिने ठरवतात, आणि ती प्रथिने तर डीएनएवरूनच बनतात. केलर यांनी २००० मधील जनुकांवरच्या पुस्तकात हाच गुंता मांडला आहे. यात म्होरक्या कोणाला म्हणायचे, हे जीवशास्त्राच्या तासाला आपल्या सरांना किंवा बाईंना विचारून पाहा.