शेकडा अडीच आणि शेकडा तीन

रमजानचा दुसरा अशरा लागला की घरोघरी जकातीचे हिशेब सुरू होतात. वर्षभर गाठीला राहिलेला पैसा, सोने, दुकानातला माल यांची बेरीज करायची, देणे वजा करायचे आणि उरलेल्यावर शेकडा अडीच काढून हक्कदाराच्या हाती द्यायचे. पाचगणीत यंदा रमजान स्ट्रॉबेरीच्या हंगामात आला आहे. घोडेवाला, टॅक्सीवाला, हॉटेलात राबणारा पोरगा, यांच्या हातात चार पैसे येतात ते याच दिवसांत. म्हणून जकातीच्या जोडीला आज आणखी एक हिशेब मांडतो. तो पत्त्यांचा आहे.

रमजानच्या पानावर पत्ते कशाला, असे कुणी विचारील. तरावीहची नमाज आटोपली की सहरीपर्यंतची रात्र काढायची कशी, हा प्रश्न मोहल्ल्यातल्या तरुण पोरांपुढे असतो. पूर्वी कॅरम होता. आता मोबाइल आहे, आणि मोबाइलवर ‘अंदर-बाहर’ आहे. संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगलेच झाले. पण परदेशातून चालणारी संकेतस्थळे आणि बंद खोलीतले डाव कायद्याने एका रात्रीत नाहीसे होत नाहीत. पोरगा रोजेदार असतो, पाच वक्त नमाजी असतो, आणि ‘टाइमपास’ म्हणून शंभर रुपये लावतो. त्याला हराम-हलाल ठाऊक असते. ठाऊक नसते ते गणित.

खेळ इतका सोपा की लहान मूलही शिकेल. बावन्न पत्त्यांतला एक पत्ता उघडा करून मध्ये ठेवतात. समजा, तो सत्ता निघाला. मग वाटणारा एक पत्ता अंदरला, एक बाहरला, असे आळीपाळीने टाकत जातो. पुढचा सत्ता ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. डोके चालवायला कुठेच जागा नाही. आपण फक्त बाजू निवडायची. पाहणाऱ्याला वाटते, दोनच बाजू आहेत, म्हणजे निम्मी-निम्मी संधी.

ती तशी नसते. पहिला पत्ता ज्या बाजूला पडतो तिला थोडे झुकते माप मिळते. उरलेल्या 51 पत्त्यांत तीन सत्ते असतात. त्यांच्या 20,825 संभाव्य जागांपैकी 10,725 पहिल्या बाजूच्या, 10,100 दुसऱ्या बाजूच्या. म्हणजे पहिला पत्ता अंदरला पडत असेल तर अंदर शंभरात साडेएक्कावन्न वेळा जिंकतो, बाहर साडेअठ्ठेचाळीस वेळा. मग सगळे अंदरवरच का लावत नाहीत? कारण कॅसिनोत प्रचलित नियम असा, की बाहर जिंकला तर शंभराला शंभर आणि अंदर जिंकला तर शंभराला नव्वदच. हजार डावांत अंदरवर शंभर-शंभर लावणारा सरासरी 515 वेळा नव्वद मिळवतो, म्हणजे 46,350 रुपये. 485 वेळा शंभर गमावतो, म्हणजे 48,500. तोटा 2,150. बाहरवाल्याचा तोटा 3,000. बाजू कोणतीही घ्या, पैसे मालकाच्याच गल्ल्यात. गावातल्या अड्ड्यावर निदान नाल उघड काढतात. इथे ती त्या दहा रुपयांत लपवलेली असते.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. जकात शेकडा अडीच, वर्षातून एकदा, तीही वर्षभर टिकलेल्या शिलकीवर. कॅसिनोचे शेकडा दोन ते तीन, आणि ते प्रत्येक डावाला. तासाला चाळीस डाव धरले तर शंभर-शंभरने बाहरवर खेळणारा सरासरी 120 रुपये देऊन उठतो. निसाबाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तर एवढी जकात निघायला वर्षभर 4,800 रुपये शिल्लक असावी लागते. जकातीचा आकडा ऐकून जीव खालीवर होणारी माणसे ही दुसरी वसुली हसत देतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

‘हरलो की दुप्पट लावायचे, एकदा तरी जिंकणारच’ ही युक्तीही पोरे एकमेकांना सांगतात. शंभर, दोनशे, चारशे करत सातव्या डावाला 6,400 लावावे लागतात. सातही हरले की 12,700 गेले, आणि हे साधारण 104 खेपांत एकदा होते. उरलेल्या 103 खेपांना शंभर-शंभर, म्हणजे 10,300. वजाबाकी ज्याची त्याने करावी. घोडेवाल्याचा महिन्याभराचा चारा त्या एका खेपेत जातो. शिवाय ती खेप शेवटीच येईल असेही नाही, पहिल्याच रात्री येऊ शकते.

कुरआनचा शब्द आहे ‘मैसिर’. सूरह अल-बकराच्या 219 व्या आयतीत दारू आणि जुगार यांच्याविषयी सांगताना त्यांत लोकांचा काही फायदा आहे, हे आधी मान्य केले आहे. मग पाप त्या फायद्याहून मोठे असल्याचे बजावले आहे. हा फायदा कोणता? भाष्यकार सांगतात की इस्लामपूर्व अरबस्तानात थंडी-दुष्काळात उंट कापून त्याचे वाटे बाणांवर लावत. दहा बाण, त्यांतले तीन कोरे. हरणारे उंटाची किंमत भरत आणि मांस गोरगरिबांत वाटले जाई. म्हणजे गरिबांच्या पोटात घास जात होता, तरीही मनाई झाली. अल-माइदाच्या 90 आणि 91 व्या आयतींत कारणही आले आहे: आपसातले वैर, आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून माणसाचे तुटणे.

तो उंट आजही कापला जातोच. पर्यटन वाढेल, महसूल येईल, गिरिस्थानांवर कॅसिनो का नको, असे कुणी ना कुणी म्हणत असतो. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. शहाणपणाचाच निर्णय होता. गोव्यात मांडवीवर कॅसिनोंची जहाजे उभी आहेत, सरकारला कर मिळतो. पण 1 फेब्रुवारी 2020 पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. मांस वाटणाऱ्यालाही आपल्या घरचा माणूस त्या बाणांजवळ नको असतो. मग आमच्या पसरणी घाटाच्या माथ्यावर तो का चालेल?

मशिदीतल्या बयानात जुगाराचे नाव निघते, पण दारूइतके नाही. मौलाना साहेबांनी तरावीहनंतर दहा मिनिटे वरचे आकडे फळ्यावर लिहून दाखवले तर पोरे ऐकतील. त्याच वेळी सहीह बुखारीतली ती हदीसही सांगावी: ‘चल, जुगार खेळू’ असे सोबत्याला नुसते म्हणणाऱ्यानेही सदका द्यावा. खेळला की नाही, हरला की जिंकला, हे तिथे विचारलेलेच नाही. रात्री दोन वाजता ग्रुपवर लिंक टाकणाराही त्यातच मोडतो, असे मला वाटते.