तिसरे पाऊल

'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण मराठी भाषेने काही वर्षे तरी दुकानदारांच्या हाती लागू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ही म्हण ज्ञानेश्वरांना शोभते, लालबहादूर शास्त्रींना शोभते, फार तर लवंगी मिरचीला शोभते. पण हल्ली ती सबवूफर नावाच्या खोक्याला चिकटवतात आणि तिथे ती साफ खोटी पडते.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अजून शिरलेले नाही, त्या भाग्यवंतांसाठी थोडे सांगतो. होम थिएटर म्हणजे टीव्हीभोवती मांडलेला पाच स्पीकरांचा संसार. हे पाच जण बोलतात, गातात, रडतात. आणि जमिनीवर कोपऱ्यात बसलेले सहावे खोके नुसते हुंकार देते. या पंगतीला '५.१' म्हणतात. सहाव्याला अख्खा आकडा मिळत नाही, दशांश चिन्हाच्या पलीकडचा एक मिळतो; कारण माणसाचा कान २० पासून २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकत असला, तरी याचा प्रांत तळच्या १२० पर्यंतच. ज्याला घरात पुरता मान नाही, पण ज्याच्या खाकरण्याने सगळे दचकतात, असे एक वडीलधारे माणूस पूर्वी प्रत्येक वाड्यात असे. तेच हे.

आमच्या कुरुंदवाडात पटवर्धनांचे संस्थान होते तेव्हा वाडे होते. पुढे वाटण्या झाल्या आणि माझ्या वाट्याला दहा बाय बाराची खोली आली. तिच्यात कपाट, पलंग, सोफा, टीव्ही आणि बायकोची शिलाई मशीन मांडल्यावर जी जागा उरते, तिच्यात कपाटाएवढा सबवूफर मावत नाही. म्हणून 'कॉम्पॅक्ट' हवा. इथपर्यंत माझे आणि दुकानदाराचे एकमत होते. दुकान जयसिंगपुरातले. चहा उत्तम पाजतात.

"काका, ह्यो बूफर बघा. दिसायला एवढासा, पण लावला की तावदानं वाजत्यात."

"मला तावदानं वाजवायची नाहीत. सिनेमा ऐकायचाय."

"तसं न्हवं काका. परवा शिरोळच्या एकानं नेला. पयल्याच रात्री शेजारी भांडायला आला! पण बूफरची तक्रार एक न्हाई बघा!"

आता मला सांगा, जगात दुसरी कुठली वस्तू अशी विकतात? शेगडीवाला कधी 'शेजारचं घर तापतंय' म्हणून सांगत नाही. पंखेवाला 'शेजाऱ्याचं छप्पर उडतंय' अशी हमी देत नाही. पण सबवूफरच्या बाबतीत शेजाऱ्याचे भांडण हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र. ते जितक्या लवकर मिळेल तितका माल अस्सल!

याला आमच्या भागाचे वळणही कारण आहे. आमच्याकडे ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. "डॉल्बी सांगितलाय काय?" हा मंडळाच्या वर्गणीइतकाच महत्त्वाचा प्रश्न. मग पोलीस 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा'च्या बैठका घेतात. रे डॉल्बी या सज्जन गृहस्थाने १९६५ साली कंपनी काढली ती कशासाठी? तर ध्वनिफितीतली खरखर घालवण्यासाठी. ज्याने उमेदीची वर्षे नको असलेला आवाज काढून टाकण्यात घालवली, त्याचे नाव आम्ही कानठळ्यांना दिले. कर्णाच्या नावाने भिक्षा मागण्यातलाच हा प्रकार! आणि हाच डॉल्बी आता लहान करून आम्हाला घरात न्यायचा आहे.

पण तो लहान होत नाही, ही खरी गंमत. त्यासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. मिरजेला गेले तरी चालते. तिथे तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात पुरुषांचे आणि बायकांचे तंबोरे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा चांगला गरगरीत, बायकांचा त्याहून बेताचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या भोपळ्यांच्या ढिगातून कारागीर मोठे भोपळे खालच्या पट्टीसाठी बाजूला काढतो. खर्ज हवा तर पोट मोठे हवे, हे त्याला कुणी छापील पुस्तकातून शिकवलेले नाही. 'लिंबाएवढा तंबोरा, पण मैफल हादरवतो' असे मिरजेत कुणी म्हणाले, तर त्याला पुढच्या गाडीने परत पाठवतील.

तिकडे अमेरिकेत हीच गोष्ट हॉफमन नावाच्या शास्त्रज्ञाने सांगितली. हे प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. 'केएलएच' या स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' यांचा. त्यांचा नियम 'पोलादी नियम' म्हणून ओळखला जातो. खोके लहान, खर्ज खोल आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी कुठल्याही दोन मिळतात. तिसरी सोडावी लागते. मागा, रडा, हप्त्यावर घ्या. तिसरी मिळत नाही.

कारण साधे आहे. खर्ज म्हणजे हवा ढकलण्याचे काम. ४० हर्ट्झवरून २० वर उतरायचे आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. त्यात आपला कान तळाच्या सुरांना इतका मठ्ठ, की २० हर्ट्झचा आवाज सत्तर-पंचाहत्तर डेसिबलच्या पुढे गेल्याशिवाय त्याला पत्ताच लागत नाही. एवढाल्या हवेचा कारभार हातभर खोक्याने करायचा म्हणजे लहान तोंडी मोठा घास. मग कंपन्या काय करतात? आत दांडगा अॅम्प्लिफायर बसवतात आणि पडद्याला जिवाच्या आकांताने पळवतात. चांगल्या कंपन्या हे पुष्कळ पैसे घेऊन नीट करतात. बाकीच्या ५०-६० हर्ट्झच्या आसपास एक फुगवटा देऊन ठेवतात. त्याखाली काही नाही, पण त्या जागी असा 'धब्ब' निघतो, की गिऱ्हाइकाला वाटते, हाच खर्ज! हा खर्ज नव्हे. ही पिंपावर मारलेली काठी.

आणि खोक्यावरचे वॉट! एके काळी टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ २००० वॉट' असे छापलेले असे. भिंतीतल्या पाच अँपिअरच्या बटणातून जेमतेम अकराशे वॉट येतात; उरलेले नऊशे देवाच्या कृपेने येत असावेत. पीएमपीओ म्हणजे क्षणाच्या कितव्या तरी हिश्श्यात कल्पनेत मिळणारी शक्ती. तुम्ही 'आरएमएस' वॉट विचारा. हा प्रश्न विचारला की दुकानदार प्रथम तुमच्याकडे, मग खोक्याकडे आणि शेवटी घड्याळाकडे बघतो.

तर मुद्दा असा की तीनपैकी एक सोडायचे आहे. आकार सोडता येत नाही, खोली दहा बाय बाराचीच. खोल खर्ज सोडला तर सबवूफर घ्यायचाच कशाला? राहता राहिला मोठा आवाज. तोच सोडावा, असे माझे म्हणणे आहे, आणि कुरुंदवाडात राहून दुसरे काही म्हणता येईल असे मला वाटत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते. "आमचा पैसा, आमचं घर, आमचा बूफर!" मान्य. पण खर्ज तुमच्या घरात राहतो कुठे? टीव्हीवरचे संवाद, सतार, नायिकेचे हुंदके हे सगळे विटांच्या भिंतीपाशी बरेचसे थांबतात. खर्ज थांबत नाही. ४० हर्ट्झची एक लाट २८ फुटांची; माझी खोली १२ फुटांची. ती लाट भिंतीला भिंत समजतच नाही. म्हणजे सिनेमा पाहता तुम्ही, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला काय? नायिका नाही, गाणे नाही, गोष्ट नाही. नुसता धब्ब, धब्ब. ५.१ पैकी पाच तुमचे आणि दशांश एक त्याचा. आपल्या घरातला तो खर्ज, दुसऱ्याच्या घरातला तो धिंगाणा, हे या शास्त्राचे पहिले कलम.

"मग कायदा आहे की!" असेही कुणी म्हणेल. आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पण हे मोजायचे ते 'ए' मापाने, आणि हे माप खालच्या सुरांना भलतेच उदार. ५० हर्ट्झच्या आवाजातून ते ३० डेसिबल परस्पर वजा करते. म्हणजे ८५ डेसिबलचा धब्ब मीटरवर ५५ दिसतो. कायद्यात बसतो, आणि शेजाऱ्याच्या छातीतही बसतो!

माझ्या एका भिंतीपलीकडे आप्पा राहतात. त्यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले आहे. रात्री गोळी घेतात तेव्हा कुठे डोळा लागतो. दुसऱ्या भिंतीपलीकडे चाचा. त्यांची नात दहावीला. या गावात पाच मशिदींत गणपती बसतो आणि मोहरम त्याच दिवसांत आला तर दोन्ही एका छताखाली साजरे होतात. वर्तमानपत्रवाले दरवर्षी फोटो काढून नेतात आणि 'सलोखा' असा मथळा देतात. पण सलोखा काही दहा दिवसांचा नसतो. तो भिंतीला भिंत लागून उरलेले साडेतीनशे दिवस काढण्याचा असतो. २०१९ च्या पुरात कृष्णा-पंचगंगा गावात शिरल्या, तेव्हा आमचे धान्याचे डबे आणि आम्ही स्वतः चाचांच्या माडीवर होतो. पूर आल्यावर ज्याच्या माडीवर जायचे, त्याच्या माडीला एरवी हादरे देऊ नयेत. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, निव्वळ व्यवहार म्हणून सांगतो.

आणि हळू आवाजात खर्जाची मजा नसते, हे कुणी सांगितले? काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते, म्हणजे थेट सबवूफरच्या प्रांतात. ती पहाटे छेडल्यामुळे कुणाचे तावदान फुटले, असे ऐकिवात नाही. ती अंगावर येत नाही, अंगाखाली येते, जमखान्यासारखी. सिनेमातही खर्जाने तेवढेच करायचे असते. ढग दाटून आले की आपल्याला ते पोटात जाणवावेत, आप्पांना नव्हे. याच कुरुंदवाडात १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, आणि मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकून त्यांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एका धमाक्याने काय जाते आणि सुराने काय मिळते, याचे याहून मोठे उदाहरण शोधायला आम्हाला गावाबाहेर जावे लागत नाही. तरीही आम्ही धमाकाच विकत आणतो.

आता घ्यायचाच असेल तर कसा घ्यावा, तेही सांगतो. खोके बंद घ्यावे, भोक पाडलेले नको. बंद खोक्याची युक्ती एडगर विल्चूरने १९५४ साली काढली. आत कोंडलेली हवाच पडद्याला स्प्रिंगसारखी सावरते. लहान खोक्याला भोक असले की जोर लावताच दम्याच्या पेशंटसारखी फुसफुस ऐकू येते. आवाज किती मोठा, हे विचारू नये. किती खाली आणि किती सरळ उतरतो, हे विचारावे. दुकानात स्फोट लावून बघू नये, स्फोट सगळ्यांचेच चांगले वाजतात. पखवाज लावावा. थाप आणि घुमारा वेगळे कळले तर बरा. दोन्हीचा मिळून शिरा झाला तर चहा पिऊन उठावे.

घरी आणल्यावर तो सामायिक भिंतीपासून लांब आणि सोफ्याला चिकटून ठेवावा. कानाजवळ असला की थोडक्या आवाजात भागते, आणि लहान असल्याने त्यावर चहाचा ट्रे ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. नेमकी जागा शोधण्याची जगन्मान्य रीत अशी : सबवूफर सोफ्यावर आपल्या जागी बसवायचा आणि आपण चार पायांवर खोलीभर रांगायचे. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल, ती त्याची जागा. मी रांगत होतो तेव्हा आप्पा पेपर मागायला आले. क्षणभर बघत राहिले आणि आत डोकावून बायकोला म्हणाले, "वहिनी, काही हरवलंय का ह्यांचं?" ती म्हणाली, "केव्हाच!"

शेवटची कसोटी कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नाही, पण २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसाला ती सांगावी लागत नाही. पाणी चढू लागले की एकट्याला उचलून जिना चढता आला पाहिजे. जमिनीवर बसणारी वस्तू पहिली बुडते. कॉम्पॅक्टपणाचा याहून मोठा फायदा मला आजवर कुठल्या दुकानदाराने सांगितलेला नाही.

लहान मूर्तीने मोठी कीर्ती मिळवण्याची मूळ कथा वामनाची. बटूने तीन पावले जमीन मागितली. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग संपले. तिसरे कुठे ठेवू, हा प्रश्न उरला. कोपऱ्यातले ते खोकेही दोन पावलांत आपली खोली आणि आपला खिसा व्यापून हाच प्रश्न विचारते. दुकानदार सांगतो, शेजाऱ्याच्या डोक्यावर ठेवा. बळीची गोष्ट त्याने ऐकलेली दिसत नाही. बळीराजाने तिसऱ्या पावलासाठी डोके पुढे केले होते ते स्वतःचे.