कागद आधी, किल्ली नंतर

जुन्या मुंबई-पुणे मार्गावर पनवेलच्या पुढे लागणाऱ्या कोन गावाची जागाच अशी आहे की, तेथील कष्टाळू तरुणाच्या मनात स्वतःचा टेम्पो घेण्याचा विचार आल्यावाचून राहत नाही. एका अंगाला सावळ्यावरून रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या अंगाला कळंबोलीचा पोलाद बाजार, त्यापलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर, आणि खुद्द गावात २०१६ च्या सोडतीने गिरणी कामगारांच्या वाट्याला आलेली २,४१७ घरे. नव्या गाडीचे हप्ते झेपत नाहीत म्हणून तो जुनी पाहतो, आणि माझ्या मते हा विचार शहाणपणाचाच आहे. माझी तक्रार आहे ती व्यवहाराच्या रीतीविषयी.

गाडीची पारख आपले लोक उत्तम करतात. सकाळी थंड इंजिन सुरू करून धूर पाहतात, पुढचा टायर एकाच कडेने झिजलेला दिसला की मिस्त्रीला गाडीखाली घालतात, हौद्याखाली वाकून चासीवरचा वेल्डिंगचा जोड आणि ताज्या रंगाआडचा गंज बोटांनी चाचपतात. परंतु इतकी चिकित्सा करणारा हाच माणूस, "सह्या घेऊन ठेवल्यात, नावाचं सावकाश बघा," असे दलालाने म्हणताच कोऱ्या फॉर्मांची चळत खिशात घालतो आणि रोख रक्कम मोजून किल्ली घेतो. सातबाऱ्यावरचा बोजा उतरल्याशिवाय गुंठाभर जमीन न घेणारी घराणी वाहनाच्या बाबतीत इतकी निर्धास्त राहतात, याचे मला मनापासून दुःख होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये, राज्यातल्या राज्यात विकलेल्या वाहनाच्या हस्तांतराची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन दप्तरी द्यावयाची असते. २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म त्यासाठीच आहेत. गाडी तारण असेल, तर वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला आणि ३५ क्रमांकाचा फॉर्म देऊन बोजा उतरवावा लागतो. तो न उतरवता गाडी घेतली आणि जुन्या मालकाने हप्ते थकवले, तर वित्तसंस्थेची माणसे भर रस्त्यात माल उतरवून गाडी ओढून नेतात. विम्याचेही तसेच: तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई, विमा नावावर करून घेतला नसेल तर, नाकारली जाते.

विकणाराही यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, दोन-तीन हात फिरलेल्या एका गाडीच्या अपघातात, नोंदवहीत ज्याचे नाव शिल्लक होते त्या मूळ मालकावरच भरपाईची जबाबदारी ठेवली. त्याने गाडी दीड-दोन वर्षांपूर्वीच विकली होती. टेम्पो विकून त्या पैशातून मुलीचे लग्न करणाऱ्या मनुष्याला अशा भरपाईची नोटीस दाराशी आल्यावर काय वाटेल?

योग्यता प्रमाणपत्राची मुदत, थकलेली चलने आणि बोजाची नोंद ही आता मोबाईलवर पाहता येतात, म्हणून कोनच्या तरुणांना माझी एवढीच विनंती आहे: ती आधी पाहा, मालकाला समक्ष भेटा, आणि पनवेलच्या परिवहन कार्यालयात नाव चढेपर्यंत ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा स्वतःजवळ राखून ठेवा. विकणाऱ्याला हे मान्य नसेल, तर गाडी कितीही चांगली असो, ती घेऊ नका.