रात्री दारे धरायला जाताना

गेल्या थंडीत पहाटे चारच्या सुमारास एका शेतकऱ्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून माझ्या दवाखान्यात आणले. रात्रीच्या लाईटवर गव्हाला दारे धरायला गेला होता. जीभ अडखळत होती, पाय लटपटत होते. आणणाऱ्यांना वाटले, गडी पिऊन आलाय. तोंडाला वास नव्हता. थर्मामीटर मात्र ९५ अंश फॅरनहाइटही दाखवीना.

जाड जर्किन काढले, तर आतला शर्ट आणि सुती बनियन पिळून घ्यावेत इतके ओले. पाण्याने नव्हे, घामाने! जर्किन घालूनच त्याने तासभर फावडे मारले होते. मग वाफा भरण्याची वाट पाहत बांधावर बसला आणि तिथेच गारठला.

जाड कपडा म्हणजे ऊब, ही समजूत मला मान्य नाही. ऊब देते ती कपड्यांच्या थरांत अडकलेली हवा. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा पातळ असे दोन-तीन बरे; शिवाय त्यातला एखादा उतरवता येतो. कपडा भिजला की हवेची जागा पाणी घेते आणि अंगातली उष्णता ओढून नेते. सुती कपडा यात सर्वांत वाईट. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. आजोबांची घोंगडी उगाच नव्हती.

निफाडकडे पारा कधी पाच अंशांखालीही उतरतो, पण भिजलेल्या अंगाला दहा अंशही पुरतात. तेव्हा फावडे उचलण्याआधी वरचा स्वेटर काढा, थोडी थंडी वाजू द्या. बसताना पुन्हा घाला. कानटोपी, गमबूट हवेतच. एक कोरडा बनियन आणि पायमोजे पिशवीत ठेवा. शाळेच्या पोराला नवा स्वेटर घेणारे घर दारे धरणाऱ्याला मात्र फाटका शर्ट देते, हे मला पटत नाही. काही गावांत आता दिवसा वीज मिळते. ती सगळीकडे मिळाली तर हा लेख लिहावाच लागणार नाही.

कुणी असा गारठलाच, तर आधी ओले कपडे काढा, कोरड्या घोंगडीत गुंडाळा. शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्या. दारू अजिबात नको. तिने कातडीला ऊब वाटते, आतले शरीर मात्र आणखी थंड होते. बधिर पाय शेकोटीला धरू नका, भाजलेले कळत नाही. आणि दवाखाना गाठा.

आमचा शेतकरी सकाळी सावरला. निघताना तेच ओले जर्किन अंगात घालू लागला, तेव्हा मी त्याच्या मुलाला म्हटले, “अरे, ते आधी वाळत घाल!”