तीन सेकंदांचं भांडण

साइट उघडली नाही, तर तुमचं बोट रिफ्रेशवर किती सेकंदांनी जातं? खरं सांगा. पाच? तीन? तत्काळचं तिकीट काढायला सकाळी दहाच्या ठोक्याला बसलेले आपण तर तेवढीही कळ काढत नाही. दोन टॅब, हातात मोबाइल, शेजारी भावाचा लॅपटॉप... आणि वर आपणच म्हणणार, 'काय फालतू सर्व्हर आहे यार!'

सर्व्हर दबतो तो या अशा बोटांखालीच, हे मला कळलं एका भांडणामुळे. भांडण आमच्याच फ्लॅटमध्ये झालं, मे २०२१ मध्ये. एका बाजूला माझी रूमी, दुसऱ्या बाजूला व्हिडिओ कॉलवर तिचा बॉयफ्रेंड. दोघंही डेव्हलपर. तिचं काम स्क्रीनवर जे दिसतं ते, त्याचं काम मागे जे चालतं ते. लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या हो! आणि मोडायची वेळ आली कशावरून, तर लसीच्या स्लॉटवरून.

तो काळ आठवा. २८ एप्रिल २०२१, दुपारी चार. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी 'कोविन'वर नोंदणी सुरू झाली आणि सगळा देश एकदम तुटून पडला. कुणाला ओटीपी येईना, कुणाचं पान उघडेना. सरकारनं सांगितलं, सर्व्हर कोसळला वगैरे खोटं आहे, सुरुवातीला मिनिटाला २७ लाख हिट्स येत होत्या. त्या एका दिवसात एक कोटीहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. नाव नोंदवलं म्हणजे लस मिळाली असं मात्र नव्हतं. स्लॉट दिसायचा आणि तुम्ही त्यावर क्लिक करेपर्यंत गायब!

दोन दिवस बोट झिजवल्यावर रूमीनं स्क्रिप्ट लिहिली. कोविनचा एपीआय सगळ्यांना खुला होता. एपीआय म्हणजे साइटची मागची खिडकी समजा. सजवलेलं पान वगैरे नाही, जिल्हा आणि तारीख विचारायची, उत्तर घ्यायचं. फक्त अट अशी की एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत जास्तीत जास्त शंभर वेळा विचारायचं. रूमीनं हिशोब केला. तीनशे सेकंद, शंभर वेळा... म्हणजे दर तीन सेकंदांनी एकदा. तिची स्क्रिप्ट तेच करायची आणि स्लॉट दिसला की लॅपटॉप बोंबलायचा. मला तर ती जीनियसच वाटली.

बॉयफ्रेंडला नाही वाटली. तो म्हणाला, ''साइट स्लो आहे म्हणून रडतेस ना? अगं, ती गर्दी तूच करतेयस.''

''नियमात बसतंय.''

''तुझ्या एकटीचं बसतंय. तुझ्यासारखे हजार जण धर. मिनिटाला वीस हजार वेळा तोच प्रश्न. माणूस रिफ्रेश मारून दमतो, चहाला उठतो. तुझी स्क्रिप्ट चहा पिते का?''

''मग सर्व्हर वाढवा! क्लाउड कशाला आहे?''

''सर्व्हर वाढतील. डोस वाढणार आहेत का?''

इथून पुढे दोन तास. मला निम्मं कळलं नाही, पण जे कळलं ते सांगते. रूमीचं म्हणणं होतं की हजार जण एकाच जिल्ह्याचा एकच प्रश्न विचारत असतील, तर प्रत्येकासाठी डेटाबेस उघडून बघायचाच कशाला? एकदा बघा, उत्तराची कॉपी बाजूला ठेवा, पुढच्या काही सेकंदांत येईल त्याला तीच द्या. याला कॅश म्हणतात. एफसी रोडवर हॉटेलच्या दारात वही घेऊन उभे असलेले काका कसे, प्रत्येकासाठी आत जाऊन टेबलं मोजत नाहीत, तसंच. तिचा दुसरा मुद्दाही पटण्यासारखा होता. आपण मागच्या खिडकीतून दोन ओळी मागतोय, ब्राउझरमध्ये अख्खं पान उघडणारा आपल्यापेक्षा जास्त ओझं टाकतो.

त्याचं उत्तर असं की सर्व्हर थकलाय हे दिसलं की शहाण्या प्रोग्रॅमनं मागे सरकायचं असतं. आधी एक सेकंद थांब, मग दोन, मग चार. नाहीतर होतं काय, अडखळलेल्या सर्व्हरवर सगळे पुन्हा एकदम धाड घालतात आणि तो उठायचा तो आडवाच होतो. 'फार वेळा विचारलंस, थांब' असं सांगायला वेबवर ४२९ नंबरचा खास कोड आहे म्हणे. (आमच्या आईकडे त्यासाठी नुसते डोळे आहेत.) शेवटी रूमीनं कुरकुरत त्या चार ओळी घातल्या. पण सहकाऱ्यांसारखं स्क्रिप्टलाच परस्पर बुकिंग करायला लावलं नाही. आपल्याला फक्त उठवायचं, पुढचं बोट आपलं, ही तिची लक्ष्मणरेषा.

तांत्रिक बाजूनं मला विचाराल, तर रूमीचं बरोबर होतं. गंमत म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात सरकारनं कॅश आणलाच. पण काही सेकंदांचा नव्हे! खुल्या खिडकीतली माहिती आता अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकत होती. स्लॉट मिनिटभरही टिकत नाही आणि काका सांगतायत अर्ध्या तासापूर्वीची टेबलं. साध्या माणसाला ती खिडकी बंद झाल्यातच जमा होती. ज्यांना कोड येत होता ते मात्र लॉगिनच्या दारानं आत गेले. तिथलं लॉगिन पंधरा मिनिटांत संपायचं, तर लोकांनी मोबाइलवर आलेला ओटीपी आपोआप लॅपटॉपवर पोहोचवायची सोय केली. कॅप्चा आला, तर तोही फोडला. गर्दी तेवढीच राहिली, फक्त गर्दीतले लोक बदलले.

आम्हीही त्याच दारानं गेलो. एका संध्याकाळी लॅपटॉप बोंबलला, रूमीनं कॅप्चा टाइप केला आणि आम्हाला स्लॉट मिळाले. शहरापासून सत्तर किलोमीटरवर, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. आम्ही घरात नाचलो, बॉयफ्रेंडला फोन लावला.

तो म्हणाला, ''छान. एका नंबरवर चार नावं टाकता येतात ना? चौथं कुणाचं?''

चौथं रूमीच्या मावसबहिणीचं होतं.

''आणि मावशी?''

मावशी म्हणजे आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या. वय एक्केचाळीस. घरात एक स्मार्टफोन, त्यावर मुलाची ऑनलाइन शाळा. कोविन तेव्हा फक्त इंग्रजीत होतं, मराठी आलं जूनमध्ये. दर तीन सेकंदांनी सर्व्हरला विचारणाऱ्या आम्ही, मावशींना एकदाही विचारलं नव्हतं. रूमीनं फोन कट केला. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. माझ्याशीही फारशी नाही.

आम्ही रविवारी कार काढून गेलो. रांग छोटीशी, बहुतेक सगळे आमच्यासारखेच, पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा. गावातली चार-पाच माणसं कंपाउंडपाशी उभं राहून आमच्याकडे बघत होती. त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्रात आमच्या वयोगटाचं लसीकरण डोस नाहीत म्हणून थांबलं.

मावशींना पहिला डोस मिळाला जूनच्या अखेरीस, थेट केंद्रावर गेलं तरी चालेल असं झाल्यावर. पहाटे पाचला जाऊन टोकन घेतलं, दुपारी एकला लस. दुसऱ्या दिवशी हात चोळत कामावर हजर.

''ताई, तुम्ही कुठनं घेतली हो?''

मी गावाचं नाव सांगितलं.

''अय्या, ते तर आमच्या माहेराकडचं!'' मावशी कणीक मळता मळता थांबल्या. ''माझी भावजय तीनदा जाऊन परत आली तिथनं. पुण्याची पोरं गाड्या घेऊन आलती म्हणे, सगळी तीच घेऊन गेली.''

रूमीनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही.